शेजारच्या मोकळ्या कुत्र्यांमुळे गल्लीतून जाणं अवघड झालंय, काय करावं?

फॉलपिको:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्याशी संबंध तोडायचे नाहीत, म्हणूनच इथे विचारतेय.

आमची वस्ती कालव्याच्या अलीकडे, नवीन प्लॉटिंगमधली. एकच सरळ गल्ली, दोन्हीकडे मिळून दहा-बारा घरं, शेवटी उसाचं रान. गल्लीला तोंड एकच. त्या तोंडाशी ज्यांचा बंगला आहे, त्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. त्यांच्याकडे दोन कुत्री आहेत. टायसन रॉटवायलर आहे आणि राणी जर्मन शेफर्डची क्रॉस. दिवसभर दोघं पत्र्याच्या शेडखाली आखूड साखळीला बांधलेली असतात. रात्री जेवणं झाली की सोडतात. गेट बंद असलं की ती गेटवर पंजे टाकून भुंकतात, ते मी सहन करीन. पण आण्णांचा जमिनींचा व्यवसाय आहे, गाड्यांची ये-जा उशिरापर्यंत चालते, गेट सताड उघडं राहतं आणि दोघं रस्त्यावर येतात.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. बायका स्वयंपाक उरकून रात्री नऊच्या सुमारास यायच्या, कारण दिवसा त्यांना वेळ नसतो. आता त्या डांबरी रस्त्यावर थांबून फोन करतात, 'बाहेर येऊन कापड घेऊन जा.' मापं काय रस्त्यात घ्यायची? दोघीतिघींनी स्टँडजवळच्या दुकानात कपडे टाकायला सुरुवात केली आहे. मी त्यांना दोष देत नाही.

दूधवाले मामा पहाटे येतात, तेव्हा कुत्री अजून बांधलेली नसतात. टायसन त्यांच्या गाडीवर धावून गेला, मामा पडले, गुडघा फुटला आणि कॅनमधलं दूध गटारात गेलं. तेव्हापासून ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात किटली ठेवून जातात. सिलिंडरवाला आत येत नाही. माझे मिस्टर शिरवळच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहेत. मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी येतात. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल बंद करून मला फोन करतात, मी बॅटरी आणि काठी घेऊन पुढे जाते आणि ते गाडी ढकलत आणतात. कामावरून थकून आलेल्या माणसानं स्वतःच्या घरी असं यावं, याचा मला मनापासून राग येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मुलगी आठवीत आहे, स्कॉलरशिपचा क्लास संपवून परवा संध्याकाळी सायकलवरून येत होती. गेट उघडं होतं. राणी मागे लागली, हिनं पॅडल जोरात मारलं, तशी दोघं आली आणि सायकल आडवी झाली. आण्णांच्या ड्रायव्हरनं हाक मारल्यावर कुत्री मागे फिरली. पोरीच्या पोटरीवर बोटभर लांब ओरखडा आहे, दाताचा की नखाचा ते कळत नाही. कातडी सोलली आहे, रक्त फारसं नाही. सासूबाईंनी हळद दाबून फडकं बांधलं.

मिस्टर बोलायला गेले. आण्णा म्हणाले, "कुत्र्यांना सगळ्या लसी दिल्यात, काही होत नाही. पोरीला सांगा, सायकल पळवायची नाही." यावर काय बोलणार? आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. करोनात सासऱ्यांचा ऑक्सिजन खाली गेला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स मिळत नव्हती. याच आण्णांनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना साताऱ्याला नेलं. ते उपकार आमचं घर विसरलेलं नाही. त्यामुळे पोलिसात जायचं म्हटलं की सासरे गप्प होतात.

गल्लीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका काळजी करू, एका रात्रीत निकाल लावतो." त्याचा अर्थ मला कळला. मला ते नको आहे. राणी दिवसा बांधलेली असते तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. त्या जनावरांचा जीव घेऊन मला माझ्या मुलीची वाट मोकळी करायची नाही.

शिवाय कोपऱ्यावर चिकनचं दुकान झाल्यापासून भटक्या कुत्र्यांची टोळी जमते, ती वेगळीच. पण ती निदान माणूस बघून बाजूला होतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आण्णांशी कसं बोलावं? ऐकलं नाही तर अर्ज कुणाकडे करायचा? आणि कुत्र्यांना इजा न होता हे थांबेल, असा काही मार्ग कायद्यात आहे का?

वॉर्डनंबरतीन:

ताई, बाकीचं नंतर वाचा. मुलीला इंजेक्शन दिलंय का? तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात ते कुठे दिसलं नाही, म्हणून हातातलं काम टाकून लिहितेय. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे.

'रक्त फारसं नाही' म्हणजे थोडं तरी आलं. कातडी सोलली आणि रक्त आलं की तो तिसऱ्या श्रेणीचा दंश धरतात, मग ते दात असो की नख. नुसता ओरखडा, रक्त नाही, तर दुसरी श्रेणी. दुसऱ्या श्रेणीला लस पुरते. तिसऱ्याला लसीबरोबर जखमेत सीरम सोडावं लागतं, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो, तोवर जखमेतला विषाणू सीरमनं तिथेच अडवायचा असतो. पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आत सीरम दिलं तर उपयोग, पुढे नाही. ते किती द्यायचं हे वजनावर ठरतं. सगळ्या ग्रामीण रुग्णालयांत ते असतंच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा.

आत्ता काय करायचं: फडकं सोडा, हळद धुऊन काढा. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं. पोरगी कुरकुरेल, तरी १५ मिनिटं. दोन दिवस झाले म्हणून धुवायचं सोडू नका. हळद, चुना, तिखट, कॉफी पावडर यांतलं काही भरायचं नाही, घट्ट पट्टी नाही. सासूबाईंना बोलू नका हो, आमच्याकडे दर आठवड्याला तिखट भरलेल्या जखमा येतात, माणसं काळजीपोटीच करतात. पण रेबीजचा विषाणू नसांच्या वाटेनं मेंदूकडे जातो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. उशीर झाला म्हणून लस टाळायची, असंही नसतं. आज जा.

सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर पाच वेळा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, मुलीला कुणी ती भीती घालत असेल तर सांगा.

'लसी दिल्यात' या शब्दावर थांबायचं नाही. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड मागा. त्यावर पशुवैद्यांची सही, लसीचा बॅच नंबर आणि पुढची तारीख असते. दोन्ही कुत्र्यांवर चावल्याच्या दिवसापासून दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. पण त्या दहा दिवसांची वाट बघत पहिला डोस थांबवायचा नाही. आणि म्हणूनही त्या कुत्र्यांना कुणी विष घालता कामा नये. मेलेल्या कुत्र्यावर लक्ष कसं ठेवणार?

अजून एक, गल्लीतल्या सगळ्या आयांना सांगा. मुलं चावलेलं लपवतात. 'तूच खोड काढली असशील' असं ऐकायला लागेल म्हणून. रेबीजचा संशय असलेलं जनावर चावलेल्यांमध्ये ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना आधीच सांगून ठेवा की कुत्रा लागला तर घरात कुणी ओरडणार नाही.

फॉलपिको:

ताई, तुमचं वाचून लगेच निघालो. जखम धुतली, लस दिली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, तिसरी श्रेणीच म्हणाले. सीरम इथे नव्हतं, साताऱ्याला जाऊन जखमेच्या कडेनं टोचून घेतलं. पोरगी रडली, पण आता झोपली आहे. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. केसपेपर जपून ठेवलाय.

कार्ड आण्णांच्या वहिनींनी दाखवलं. राणीच्या कार्डावर गेल्या वर्षीची नोंदच नाही. त्यांचाही चेहरा उतरला.

निवृत्त_हवालदार:

केसपेपर ठेवलात हे फार चांगलं केलंत, पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. मी तालुका पोलीस ठाण्यात नोकरी करून निवृत्त झालो. अशी प्रकरणं ठाण्यात येतात तेव्हा निम्मी जागेवरच विरतात, कारण कागद नसतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये, इतकी काळजी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं न घेणं, हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं, तेव्हा दंड १,००० होता. गुन्हा दखलपात्र आहे. 'एनसी', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, 'करून टाकतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे कलम दाखवा. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा शेजाऱ्याला चावला होता. २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयानं मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. वेळ लागला, पण लागली.

तुमच्या सासऱ्यांची अडचण मी समजू शकतो. उपकार करणाऱ्या माणसावर गुन्हा नोंदवायचा म्हणजे हात थरथरतो. तुमच्यासाठी मला दुसरी वाट जास्त योग्य वाटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. यात प्रांत साहेबांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं हे कलम, आणि त्यात धोकादायक जनावराचा स्पष्ट उल्लेख आहे. ते बंदिस्त ठेवण्याचा सशर्त आदेश प्रांत मालकाला देऊ शकतात, मालकालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. कलमात जनावर नष्ट करण्याचाही उल्लेख आहे, म्हणून तुमच्या अर्जात 'बंदिस्त ठेवावे, इजा होऊ नये' असं स्पष्ट लिहा. यात शिक्षा मागायची नसते, धोका थांबवायचा असतो. तुम्हाला नेमकं तेच हवंय.

अर्जात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. दूधवाल्यांचं पडणं, सिलिंडर न येणं, मुलीचा केसपेपर, कार्डावरची राहिलेली नोंद. गेट उघडं आणि कुत्री रस्त्यावर असा फोटो, शक्यतो तारखेसह. गल्लीतल्या जितक्या घरांच्या सह्या मिळतील तितक्या. एक प्रत प्रांत कार्यालय, एक नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, एक पोलीस ठाणे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आणि त्या 'एका रात्रीत निकाल लावतो' म्हणणाऱ्या गृहस्थांना सांगा, जनावराला विष घालणं हा कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पहिला संशय कुणावर येईल? ज्यांनी आदल्या आठवड्यात भांडण केलं त्यांच्यावर, म्हणजे तुमच्या मिस्टरांवर.

बंगलाशेवटचा:

मी थोडं वेगळं बोलणार आहे. आमचंही घर वस्तीच्या कडेला आहे. पूर्वी मोटारी, केबल, शेळ्या चोरीला जायच्या. लॅब्रेडॉर-डॉबरमन ठेवल्यापासून बंद झालं. तुमच्या आण्णांकडे पैशाची ये-जा असणार, त्यांना भीती असणारच. गल्लीत रात्री अनोळखी माणूस शिरत नाही, याचा फायदा तुम्हालाही मिळतो. एकदम प्रांतांकडे जाण्यापेक्षा चार लोक बसून बोला. कुत्रा मोकळा सोडला नाही तर तो राखण काय करणार?

जुन्नरकर_माळी:

शेवटच्या प्रतिसादातल्या प्रश्नाचं उत्तर देतो. राखण करणारा कुत्रा कुंपणाच्या आत मोकळा हवा. रस्त्यावर मोकळा सुटलेला कुत्रा घर राखत नाही, तो रस्ता आपला समजतो आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला हुसकावतो. फॉलपिकोताईंच्या गल्लीत अडवला कोण जातोय? दूधवाला, शाळकरी पोर आणि पाळीवरून येणारा कामगार. चोर नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या कुत्री आहेत. वाड्यावरची राखणीची, मेंढपाळांकडून आणलेली, आता दोन मुधोळ. शेडखाली आखूड साखळीला दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकंच होणार. त्याला समोरून जाणारा माणूस दिसतो, पण पोचता येत नाही. तो भुंकतो, माणूस निघून जातो, आणि कुत्र्याला वाटतं आपण हाकललं. रोज हेच शिकलेलं जनावर रात्री सुटलं की जे दिवसा साखळीमुळे राहिलं ते करतं. रॉटवायलर जातीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये अशा २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. जात कुठलीही असो, रोज पहाटे आणि संध्याकाळी पट्ट्याला धरून तासभर चालवलं, आवारात मोकळं ठेवलं, घरच्या माणसांबरोबर वावरू दिलं, की निम्मा राग उतरतो. आण्णांनी यातलं काय केलंय? जनावर पाळायचं आणि त्याला फक्त बांधायचं आणि सोडायचं, यात जनावराचंही हित नाही.

आता आण्णांशी काय बोलायचं ते. 'तुमची कुत्री वाईट आहेत' असं म्हटलंत की संपलं. त्यांना काम सांगा. गेटच्या आत आठ-दहा फुटांवर दुसरं जाळीचं गेट करा, म्हणजे मोटार आत येताना बाहेरचं उघडं राहिलं तरी कुत्री आतल्या जाळीमागे राहतात. आमच्या गोठ्याला तसंच आहे, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं करून दिलं. गेटला खालून पत्रा मारा, रस्ता दिसला नाही की भुंकणं कमी होतं. बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळीचं मुसकं. दोरीनं तोंड आवळायचं नाही, कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो, ते बंद झालं तर मरेल. आणि राणीची नसबंदी झालेली नसेल तर करून घ्या. भाद्रपद आला की माजावरच्या कुत्रीमागे गावातली सगळी कुत्री तुमच्या गल्लीत येतील, आणि मग जे होईल ते आत्ताच्या दुप्पट.

अजून एक मुद्दा आण्णांना नक्की सांगा. त्यांना तो पटेल, कारण तो त्यांच्याच फायद्याचा आहे. तुम्ही लिहिलंय गल्लीच्या शेवटी ऊस आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊस म्हणजे बिबट्याचं घर. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास केला, तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. रात्री मोकळं फिरणारं कुत्रं म्हणजे बिबट्याला वस्तीत बोलावणं. आम्ही संध्याकाळी कुत्री जाळीच्या खोलीत घेतो, ती आतून भुंकून वर्दी देतात, तेवढं पुरतं.

मुलीला शिकवा: कुत्रा मागे लागला तर सायकल पळवायची नाही, हे आण्णांचं म्हणणं खरं आहे, फक्त ते त्यांच्या तोंडी शोभत नाही. धावत्या वस्तूमागे कुत्रा लागतोच. उतरायचं, सायकल मध्ये आडवी धरायची, डोळ्यांत बघायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हळूहळू मागे सरकायचं. पाडलंच तर मान खाली घालून, हातांनी कान आणि गळा झाकून मुटकुळं करायचं. हे घरी दोनचार वेळा करून घ्या, प्रत्यक्ष वेळी डोकं चालत नाही.

म्हापसेकार:

कोपऱ्यावरच्या भटक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. आमच्या गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीजची माणसं वाड्यावाड्यांत जाळं घेऊन फिरतात, कुत्रा पकडतात, लस टोचतात, रंगाची खूण करतात आणि तिथेच सोडतात. शाळांत जाऊन मुलांना शिकवतात. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. कुत्री कमी झाली म्हणून नव्हे, लस टोचलेली कुत्री वाढली म्हणून. तुमच्या नगरपरिषदेला अर्ज देणारच आहात तर त्यातच भटक्यांची नसबंदी आणि लसीकरण मागा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ते स्थानिक संस्थेचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलंय की नसबंदी, लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायची, पण रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, वॉर्डात जागा ठरवून तिथेच. आणि चिकनवाल्याचा कचरा. तो रोज उचलला गेला नाही तर एक टोळी नेली तरी दुसरी येणार.

फॉलपिको:

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि मिस्टरांना, सासऱ्यांना वाचून दाखवले. बिबट्याचं वाचल्यावर सासरे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "मी जातो आण्णाकडे. माझा जीव त्यानं वाचवला, म्हणून मीच सांगू शकतो." मला वाटत होतं की त्या उपकारामुळे आपलं तोंड बंद झालंय. सासऱ्यांनी ते उलटं धरलं.

मीही बरोबर गेले. कुत्र्यांना काय हवं ते आधी बोललो, आमच्या तक्रारी मागून. कार्डाचा विषय वहिनींनीच काढला. आण्णा सुरुवातीला घुश्शात होते, पण साताऱ्याचा केसपेपर बघून शांत झाले. पोरीच्या पायात सुया टोचायला लागल्या हे त्यांना माहीतच नव्हतं. आतलं जाळीचं गेट करायचं कबूल केलंय, फॅब्रिकेशनवाला माप घेऊन गेला. तोवर रात्री साडेनऊनंतर बाहेरचं गेट ड्रायव्हरनं उघडायचं आणि त्यानंच लावायचं. दोन्ही कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस दिली. मुसक्याला मात्र तयार नाहीत, "माझ्या टायसनला मुसकं बांधणार नाही" म्हणाले. नसबंदीवर काही बोलले नाहीत.

बंगलाशेवटचा, तुमचा मुद्दा मीही तिथे मांडला की रात्री कुत्री असावीत. पण आवारात. आण्णांना ते बरं वाटलं.

अर्ज तरीही दिलाय, नगरपरिषदेला आणि पोलीस ठाण्याला, नऊ घरांच्या सह्यांनी, पोच घेऊन. त्यात भटक्यांची लस आणि चिकनचा कचरा दोन्ही लिहिलं. आण्णांना आधी सांगून दिला, लपवून नाही. प्रांतांचा अर्ज लिहून ठेवलाय, दिला नाही. जाळीचं गेट ठरलेल्या मुदतीत लागलं नाही तर देणार, हेही त्यांना सांगितलंय.

आता एकच राहिलं. दूधवाल्या मामांचा गुडघा अजून दुखतो, दूध गेलं ते वेगळं. ते म्हणतात, "जाऊ दे ताई, मोठ्या माणसांशी कशाला वैर." त्यांना भरपाई मिळायला हवी असं मला फार वाटतं. आमच्या अर्जात त्यांचं नाव घातलं तर चालेल का?

निवृत्त_हवालदार:

त्यांच्या संमतीशिवाय घालू नका. त्यांना रोज त्याच रस्त्यानं यायचंय. आधी तुमच्या सासऱ्यांनीच आण्णांकडे विषय काढावा, दवाखान्याचा खर्च आणि त्या दिवशीच्या दुधाचे पैसे एवढंच. मामा तयार झाले तर त्यांचा अर्ज वेगळा, त्यांच्या सहीनं, तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख त्यात लिहून. गुडघ्याचा उपचार कुठे घेतला, तिथली चिठ्ठी असेल तर आजच शोधून ठेवायला सांगा.